क्लब मोठा कशावरून ठरवावा? आर्सेनल आणि चेल्सी यांच्या निमित्ताने

परभणीकर (प्रश्न)

आमच्या परभणीत शनिवारी रात्री एकत्र बसून प्रीमिअर लीगचे सामने पाहणारा आणि रविवारी सकाळी स्वतः फुटबॉल खेळणारा मुलांचा एक गट आहे. मैदान काळ्या मातीचे असल्यामुळे पावसाळ्यात तिथे बूट रुतून बसतात आणि एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडल्या की चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, तरीही खेळ सहसा चुकत नाही. या गटात आर्सेनलचे आणि चेल्सीचे चाहते जवळपास सारख्याच संख्येने आहेत आणि या दोहोंपैकी मोठा क्लब कोणता, या एकाच प्रश्नावर त्यांच्यात गेले काही महिने वाद चालू आहे.

चेल्सीच्या बाजूने असे सांगितले जाते की त्यांनी 2012 आणि 2021 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, तर आर्सेनल 2006 च्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून हरला. शिवाय आर्सेनलची 2004 नंतरची दोन दशके लीग विजेतेपदाविना गेली आणि त्याच काळात चेल्सीने पाच वेळा लीग जिंकली. आर्सेनलची बाजू मांडणारे म्हणतात की 2004 पर्यंतच आमच्याकडे तेरा लीग विजेतेपदे होती, एफए कप आम्ही चौदा वेळा जिंकला आहे आणि 1919 पासून आम्ही पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेलो नाही. दोन्ही बाजूंची माहिती खरी आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. यात नेमकी कोणती कसोटी लावावी, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

याला जोडून आणखी एक प्रश्न विचारतो, कारण तो मला जास्त अस्वस्थ करतो. आमच्यापैकी कोणीही लंडन पाहिलेले नाही. आमच्या अंगातल्या जर्सी आठवडी बाजारातून घेतलेल्या असतात, त्यांच्यावरचा पुरस्कर्ता दोन हंगामांपूर्वीचा असतो आणि दोन धुण्यांत छातीवरचे बोधचिन्ह सुटू लागते. क्लबाच्या तिजोरीत आमच्याकडून थेट एक रुपयाही जात नाही. अशा चाहत्यांमुळे एखादा क्लब मोठा होतो, असे म्हणता येईल का?

नांदेडकर

सुरुवात विजेतेपदांपासूनच करावी लागेल, कारण क्लब स्थापन होतो तो खेळण्यासाठी आणि खेळायचे असते ते जिंकण्यासाठी. रियल माद्रिदने 2024 मध्ये युरोपचे पंधरावे विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरचा एसी मिलान सातवर आहे. इतके अंतर असेल तर वादाला जागाच उरत नाही.

मात्र करंडकांची नुसती बेरीज केली की घोळ होतो. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे उदाहरण घ्या. ब्रायन क्लफ यांच्या मार्गदर्शनाखाली या क्लबाने 1978 मध्ये इंग्लंडची लीग जिंकली आणि लगेच 1979 आणि 1980 अशी सलग दोन वर्षे युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, पटकावला. त्यांचे लीग विजेतेपद एक आणि युरोपियन कप दोन आहेत. ही कामगिरी असामान्यच आहे, पण म्हणून फॉरेस्ट हा आर्सेनलपेक्षा मोठा क्लब ठरतो, असे खुद्द फॉरेस्टचा चाहतासुद्धा क्वचितच म्हणेल. अॅस्टन व्हिलानेही 1982 मध्ये तोच कप जिंकला होता आणि त्यांनाही हेच लागू पडते.

त्यामुळे विजेतेपदे किती यापेक्षा ती किती काळावर पसरलेली आहेत, हे मी पाहतो. आर्सेनलने हर्बर्ट चॅपमन यांच्या काळात 1931 मध्ये पहिली लीग जिंकली आणि त्या दशकात एकूण पाच वेळा हा मान मिळवला. पुढे 1948, 1953, 1971, 1989, 1991, 1998, 2002 आणि 2004 अशी विजेतेपदे येत राहिली. व्यवस्थापक बदलले, मालक बदलले, 2006 मध्ये हायबरी सोडून साठ हजार प्रेक्षकांचे नवे स्टेडियम झाले, तरी जिंकण्याची सवय एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिली. चेल्सीचे 2003 पूर्वीचे लीग विजेतेपद 1955 चे एकच आहे आणि बाकीची पाचही रोमन अब्रामोविच यांच्या मालकीच्या काळातली आहेत. माझा कौल आर्सेनलला आहे.

लातूरकर

नांदेडकरांनी पसरलेल्या काळाचा मुद्दा मांडला तो योग्य आहे, पण त्यांनी जिंकलेला काळच मोजला. माझ्या मते क्लब हरत असतानाचा काळ जास्त काही सांगून जातो. लिव्हरपूलने 1990 नंतर थेट 2020 मध्ये लीग जिंकली. मधल्या तीस वर्षांत त्यांना लहान क्लब म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण मैदान भरलेलेच राहिले.

मँचेस्टर सिटी हा केवळ पैशावर उभा राहिलेला क्लब आहे, असे सरसकट बोलणाऱ्यांनी 1998-99 चा हंगाम पाहावा. सिटी तेव्हा तिसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि तरीही घरच्या सामन्यांना सरासरी 28 हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. त्याच वर्षी 26 मे रोजी शेजारचा युनायटेड बार्सिलोनात युरोपचा विजेता झाला आणि चार दिवसांनी सिटीचे चाहते तिसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठी जिलिंगहॅमविरुद्धचा सामना पाहायला वेम्बलीवर जमले. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दोन गोलांनी मागे असलेल्या सिटीने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर सामना जिंकला. अबुधाबीचा पैसा 2008 मध्ये आला. ज्यांनी जिलिंगहॅमचा सामना पाहिला, त्यांच्यामुळे सिटी त्याआधीच मोठा होता, असे मी मानतो. स्कॉटलंडच्या रेंजर्सचेही तसेच आहे. 2012 मध्ये क्लब चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि संघाला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली, तेव्हाही आयब्रॉक्सवर सरासरी 45 हजारांहून अधिक लोक येत होते.

मी शिक्षणासाठी काही वर्षे कोल्हापुरात राहिलो, त्यामुळे हे जवळून पाहता आले. पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ दोन्हीकडचे व्यवहार दुपारनंतर मंदावतात. माझे खोलीमालक आपल्या तालमीचा संघ हरला की रात्रीच्या जेवणाला बसत नसत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला न चुकता हजर असत. त्या हंगामात संघाचे काही चांगले चालले नव्हते, पण प्रेक्षकांच्या गर्दीत त्याचा पत्ताही लागत नव्हता. विजेत्याच्या मिरवणुकीत कोणीही सामील होतो, त्यामुळे ती गर्दी पाहून क्लबाची मोजदाद करू नये.

संभाजीनगरचा वाचक

पैशाचा विषय कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. रियल माद्रिदचे 2023-24 चे उत्पन्न 100 कोटी युरोंच्या पुढे गेले, हे खरे आहे आणि त्यावरून त्या क्लबाचा आवाका कळतो. पण मँचेस्टर युनायटेडने 2013 नंतरची अनेक वर्षे लीग न जिंकताही जगातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या क्लबांत आपली जागा राखली, यावरून असे दिसते की आजचे उत्पन्न हे बरेचसे काल जोडलेल्या माणसांचे फळ असते. म्हणून पैसा ही स्वतंत्र कसोटी मानू नये, असे मला वाटते.

उदगीरकर

परभणीकरांच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागातल्या चाहत्याचा खरा प्रश्न तोच आहे आणि वरच्या तिन्ही प्रतिसादांत त्याला कोणी हात घातलेला नाही.

मी पुण्यात नोकरीला असताना बालेवाडीच्या स्टेडियमवर एफसी पुणे सिटीचे सामने पाहायला जात असे. सामन्यानंतर नारिंगी जर्सी घातलेली मुले बसथांब्यापर्यंत गाणी म्हणत चालत जायची आणि त्यांत मराठवाड्यातून शिकायला आलेली बरीच असायची. 2019 मध्ये तो क्लब बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा नव्याने स्थापन झालेल्या हैदराबाद एफसीने घेतली. उदगीरला परतल्यावर मी मनाची समजूत घातली की हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळच आहे. आपला मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता आणि सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला, तेव्हा आपल्या आजोबांच्या पिढीसाठी तो राजधानीचाच संघ होता. या शहराला फुटबॉलची परंपरा आहे, तेव्हा इथे क्लब रुजेल, असे वाटले.

तो जिंकलाही. 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्डाच्या मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून आपल्या तिसऱ्याच हंगामात विजेतेपद मिळवले. आता त्या सामन्याचे चित्रण कोणी पुन्हा पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरेल. प्रेक्षकांत जिकडे पाहावे तिकडे ब्लास्टर्सचा पिवळा रंग होता. ब्लास्टर्स त्याआधी 2014 आणि 2016 मध्येही अंतिम सामन्यात हरले होते, त्यांच्याकडे लीगचा एकही करंडक नव्हता आणि तरीही केरळातून इतके लोक त्यांच्या मागे गोव्यापर्यंत आले होते. त्या रात्री जिंकलेला क्लब लहान होता आणि हरलेला मोठा होता. नांदेडकरांनी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. आर्थिक ओढाताणीत हैदराबादचे नावाजलेले खेळाडू संघ सोडून गेले आणि 2025 मध्ये क्लब दिल्लीला हलवला गेला, त्याचे नावही बदलले. पुण्यातून हैदराबाद आणि हैदराबादहून दिल्ली असा हा प्रवास सहा वर्षांत झाला आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्या चाहत्यांना कोणी काही विचारले नाही. मला याचे अजूनही वाईट वाटते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, तो क्लब 2010 मध्ये बंद झाला. पहिल्याच राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये बंद झाला. कागदावर हे सगळे विजेते क्लब आहेत.

याउलट मोहन बागानकडे पाहा. 1889 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातला एक खेळाडू वगळता सगळे अनवाणी खेळले होते, ही गोष्ट बंगालमध्ये घरोघरी सांगितली जाते. 2020 मध्ये या क्लबाचा फुटबॉल विभाग एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबात विलीन झाला आणि संघाच्या नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरे आली. पैसा होता, खेळाडू होते, संघ जिंकतही होता. तरीही चाहत्यांनी ती अक्षरे काढण्याची मागणी तीन वर्षे लावून धरली आणि 2023 मध्ये लीग करंडक जिंकल्यानंतर मालकांनी ती काढून टाकली. मालकाला जो क्लब हवा तेव्हा बंद करता येतो किंवा दुसऱ्या गावी नेता येतो, तो कितीही करंडक जिंकला तरी लहान आहे आणि जिथे मालकाला लोकांपुढे माघार घ्यावी लागते, तो मोठा आहे. माझी कसोटी एवढीच आहे.

इंग्लंडमध्येही याची उदाहरणे आहेत. 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणाऱ्या विम्बल्डनला 2002 मध्ये मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी स्वतःच एएफसी विम्बल्डन हा क्लब काढला, नवव्या श्रेणीतून सुरुवात केली आणि 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळवला. क्लब नेला गेला तरी विम्बल्डनच्या लोकांनी तो आपल्या गावात पुन्हा उभा केला. आम्हाला पुण्यात ते जमले नाही आणि हैदराबादकरांनाही जमले नाही.

आता परभणीच्या मुलांविषयी. ते मोजले जावेत का? माझे उत्तर होय असे आहे, पण त्याला एक अट आहे. लंडनच्या माणसाला क्लब सोडणे अवघड असते, कारण त्याचे वडील, त्याची गल्ली, त्याचे शाळासोबती सगळे त्या क्लबाशी बांधलेले असतात. आपल्याला कोणी बांधलेले नाही. रात्री साडेबारा किंवा दीड वाजता चॅम्पियन्स लीगचा सामना लागतो, सकाळी कॉलेज किंवा दुकान असते आणि संघ हरत असेल तर वाहिनी बदलायला कोणाची आडकाठी नसते. अशा वेळी जो पाच-सहा पडते हंगाम त्याच क्लबासोबत काढतो, त्याचे वजन मैदानावरच्या प्रेक्षकाइतकेच धरावे. आणि जो दरवर्षी विजेत्याची जर्सी घेतो, तो लंडनमध्ये राहत असला तरी मोजू नये. जर्सी आठवडी बाजारातली की दुकानातली, याचा इथे काहीही संबंध नाही.

नांदेडकर

उदगीरकरांचे ब्लास्टर्सचे उदाहरण मला मान्य आहे आणि हैदराबादचा विजय मी स्वतः आनंदाने पाहिला होता, त्यामुळे त्यांची खंतही समजते. तरी एक शंका राहते. लोकांपुढे माघार घ्यावी लागणे हीच कसोटी धरली, तर एएफसी विम्बल्डन आणि रियल माद्रिद यांना एकाच ओळीत बसवावे लागेल. निष्ठा किती खोल आहे आणि ती किती दूरवर पोहोचली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ती दूरवर पोहोचते ती जिंकण्यामुळेच. परभणीच्या मुलांना आर्सेनलचे नाव कळले ते 2003-04 मध्ये तो संघ पूर्ण लीग हंगामात अपराजित राहिला म्हणून. ती मुले तेव्हा लहान होती, काही जन्मलीही नसतील, पण त्यांच्या मोठ्या भावांनी तो संघ पाहिला होता.

परभणीकर

सर्वांचे मनापासून आभार. उदगीरकरांची अट मी आमच्या गटात वाचून दाखवली आणि त्यानंतर बराच वेळ वाद थांबला, कारण प्रत्येक जण आपण कोणत्या वर्षी कोणता क्लब धरला, याचा हिशेब करू लागला. लक्षात असे आले की आमच्यातल्या आर्सेनलच्या चाहत्यांपैकी बहुतेकांनी क्लब सहाव्या, आठव्या क्रमांकावर असतानाच त्याला धरले आणि सोडले नाही. चेल्सीचे बरेच चाहते 2012 च्या म्युनिकमधल्या विजयानंतरचे आहेत, पण 2022-23 मध्ये संघ बाराव्या क्रमांकावर गेला तेव्हा त्यांच्यापैकी दोघेच गळाले.

मालकाला माघार घ्यावी लागण्याच्या कसोटीवर मात्र दोन्ही क्लब सारखेच उतरतात, असे मला दिसते. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीग ही स्वतःची वेगळी स्पर्धा काढण्याची घोषणा केली तेव्हा त्या बारा क्लबांत आर्सेनलही होता आणि चेल्सीही. चेल्सीचे चाहते 20 एप्रिलला स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्त्यावर बसले, त्यांच्याशी बोलायला माजी गोलरक्षक पेत्र चेक यांना बाहेर यावे लागले आणि त्याच रात्री इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. घोषणेला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. यात कोणाला अधिक गुण द्यावेत, ते मला ठरवता येत नाही.

बीडकर

मी चेल्सीचा चाहता आहे आणि वरची सगळी चर्चा वाचल्यावर एकाच गृहीतकाला हरकत घेतो. 2003 पूर्वी चेल्सी हा किरकोळ क्लब होता, असे नांदेडकरांनी स्पष्ट लिहिले नसले तरी त्यांच्या मांडणीतून तसे सूचित होते. चेल्सीने त्याआधी 1970, 1997 आणि 2000 मध्ये एफए कप जिंकला आणि 1971 आणि 1998 मध्ये युरोपचा कप विनर्स कपही जिंकला. पण करंडकांचा विषय बाजूला ठेवून गर्दीबद्दलच बोलू, कारण लातूरकर आणि उदगीरकर दोघांनीही तिला महत्त्व दिले आहे.

नोव्हेंबर 1945 मध्ये, महायुद्ध संपून काही महिनेच झाले असताना, डायनॅमो मॉस्कोचा संघ लंडनला आला आणि चेल्सीविरुद्ध 3-3 अशा बरोबरीत खेळला. अधिकृत आकडा 74 हजारांच्या पुढचा आहे आणि प्रत्यक्षात लाखभर लोक आत शिरले असावेत, असा अंदाज तेव्हापासून केला जातो. चेल्सीने तोवर एकही मोठा करंडक जिंकलेला नव्हता. पहिली लीग हाती यायला आणखी दहा वर्षे होती. त्याच्याही आधी, 12 ऑक्टोबर 1935 रोजी, स्टॅमफर्ड ब्रिजवर लीगच्या एका सामन्याला 82,905 प्रेक्षक होते. चेल्सीच्या मैदानावरचा अधिकृत गर्दीचा उच्चांक आजही तोच आहे आणि त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी आर्सेनल होता. त्यांतले किती जण चॅपमन यांनी घडवलेला विजेता संघ पाहायला आले होते आणि किती जण आपल्या चेल्सीसाठी, हे परभणीच्या दोन्ही गटांनी आता एकमेकांना पटवून द्यावे.